बाटलीत व्याज मिळत नाही!

शुक्रवारची संध्याकाळ. लोअर परळमधला एक झगमगीत बार. आमच्या टीमनं एक मोठ्ठं अकाउंट मारलेलं, त्यामुळे बॉस जाम खुशीत. "आज कुणी मेन्यूच्या उजव्या बाजूला बघायचं नाही!" असं फर्मान सुटलेलं. वेटर टेबलाभोवती फिरत ऑर्डर घेतोय. बिअर. बिअर. व्होडका विथ लाइम. बिअर. माझा नंबर आला आणि कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी बोलून गेले, "स्कॉच. नीट."

टेबलावर दोन सेकंद शांतता. बॉसच्या भुवया वर. इम्प्रेशन पडलं ना राव!

पाच मिनिटांनी वेटर आला. त्यानं स्कॉचचा ग्लास अगदी अदबीनं माझ्या शेजारी बसलेल्या कलीगसमोर ठेवला आणि त्याचं गुलाबी मॉकटेल, कागदी छत्रीसकट, माझ्यासमोर. (तो बिचारा अँटिबायोटिक्सवर होता.) मुलगी आणि व्हिस्की हे गणित वेटरच्या डोक्यात बसलंच नाही. ग्लासांची अदलाबदल झाली, सगळे हसले, आणि आता सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी सिनेमात बघितल्यासारखा एक दणदणीत घोट घेतला.

पुढचं काय सांगू? डोळ्यांतून पाणी, घशात आग, नाकात झिणझिण्या. लहानपणी गुडघा फुटला की आई जे टिंक्चर लावायची ना, ते कुणीतरी प्यायला दिल्यासारखं वाटलं. उरलेला ग्लास मी गुपचूप पाण्यानं भरत राहिले आणि घरी जाताना ठरवलं, स्कॉच ही एक अफवा आहे. लोकांना ती आवडत नाही, आवडते असं फक्त सांगावं लागतं.

तुमच्यापैकी किती जणांची सुरुवात अशीच झालीय? हात खाली घ्या, बॉस बघतोय.

(ताजा कलम आधीच टाकते: तेव्हा मी पंचविशी ओलांडलेली होती. महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी कायद्यानं वय २५ लागतं, बिअर-वाइनला २१. आणि पिण्याचा परवानाही लागतो. 'परमिट रूम' या शब्दातलं 'परमिट' तेच. आपण बोर्ड वाचतो, अर्थ विसरतो!)

त्यानंतर वर्षभर मी त्या टिंक्चरच्या मागे लागले. थोडं वाचलं, थोडं चाखलं, बरंचसं नुसतं हुंगलं. आणि लक्षात आलं की चूक स्कॉचची नव्हती, माझ्या घाईची होती.

तर आधी फंडे क्लिअर करू. स्कॉच म्हणजे महागडी व्हिस्की नव्हे. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्येच बनलेली आणि तिथेच ओकच्या लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली व्हिस्की. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. अल्कोहोल किमान ४० टक्के. वरून घालायचं तर फक्त पाणी आणि रंगासाठी कॅरामल, बाकी काही नाही. हे सगळं तिकडे कायद्यात लिहिलेलं आहे, आताचे नियम २००९ चे. हापूसला रत्नागिरी-देवगडचं जे कौतुक, ते त्यांनी पार कायद्यानं बांधून ठेवलंय.

माल्ट म्हणजे काय? मोड आलेलं सातू, म्हणजे बार्ली. आपण मटकीला मोड आणतो, तसंच. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भरडायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायची. इथपर्यंत ती बिअरचीच चुलत बहीण असते. मग तांब्याच्या मोठ्या घुमटाकार भांड्यांत सहसा दोनदा ऊर्ध्वपातन. (हा शब्द दहावीनंतर आज पहिल्यांदा लिहिला!) बाहेर पडतं ते पाण्यासारखं स्वच्छ, रंगहीन, धगधगतं. तो सोनेरी रंग आणि चवीचा मोठा हिस्सा येतो तो नंतर, लाकडातून.

आणि आपली देशी व्हिस्की? स्वस्तातल्या बऱ्याच ब्रँड्सचा पाया साखर कारखान्यांतली मळी किंवा साध्या धान्याचा स्पिरिट असतो, त्यात थोडा माल्ट मिसळलेला, कधी तो स्कॉटलंडहून आणलेला. मळीपासूनच्या दारूला युरोपात व्हिस्की म्हणून विकायला परवानगी नाही. म्हणजे उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं 'व्हिस्की' म्हणून जे वर्षानुवर्षं रिचवलं, त्याचं रमशी नातं जास्त जवळचं!

इतिहास एका दमात सांगते. १४९४ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारी हिशेबवहीत एक नोंद आहे. राजाच्या हुकमानं जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूला 'अ‍ॅक्वा व्हाइटी' बनवण्यासाठी माल्ट दिल्याची. स्कॉचचा हा सगळ्यात जुना लेखी पुरावा मानतात. अ‍ॅक्वा व्हाइटी म्हणजे जीवनाचं पाणी. गेलिक भाषेत तेच 'उश्के बाहा', आणि त्याचा अपभ्रंश होत होत व्हिस्की. आपले काका लोक डोळा मारून 'तीर्थ' म्हणतात. साधूच्या हातून आलेल्या गोष्टीला तीर्थ म्हणणं तसं काही चूक नाही!

आता जो वाद पार्टीत हमखास निघतो, तो म्हणजे सिंगल माल्ट की ब्लेंडेड? आजकाल ब्लेंडेड म्हटलं की लोक नाक मुरडतात, जणू तुम्ही रेडी टू कुक पॅकेटमधली पुरणपोळी वाढलीत. हा शुद्ध टशनचा मामला आहे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टेड बार्लीपासून बनलेली. 'सिंगल' म्हणजे एकच पिंप नव्हे, एकच डिस्टिलरी. ब्लेंडेड म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या माल्टमध्ये गहू-मक्यासारख्या धान्याची हलकी ग्रेन व्हिस्की मिसळलेली. १८३० मध्ये इनियस कॉफी या माणसानं सलग चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं, ग्रेन व्हिस्की स्वस्तात भरपूर निघायला लागली आणि ब्लेंडिंगचा रस्ता मोकळा झाला. ते करणारे कोण होते? किराणा दुकानदार! किल्मार्नक गावात १८२० मध्ये जॉन वॉकर नावाच्या पोरगेल्या मुलानं वाणसामानाचं दुकान थाटलं. त्याच्या घराण्याची व्हिस्की पुढे चौकोनी बाटलीत आली (खोक्यात जास्त मावतात, फुटतात कमी), आणि १९०९ पासून तिला रेड लेबल, ब्लॅक लेबल ही नावं मिळाली. दरम्यान फ्रान्समधल्या द्राक्षबागांना फायलॉक्झेरा नावाच्या किडीनं खाल्लं, ब्रँडी मिळेनाशी झाली आणि साहेबलोक व्हिस्कीकडे वळले. त्यांच्याबरोबर ती जगभर गेली.

व्हॅट ६९ आठवतेय? सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमातल्या प्रत्येक व्हिलनच्या बारवर असायची ती. तीही १८८२ ची ब्लेंडेड. विल्यम सँडरसननं म्हणे शंभर मिश्रणं बनवली, जाणकारांना चाखायला दिली आणि ६९ नंबरच्या पिंपाला पसंती मिळाली. सिंगल माल्टला जगात गाजवण्याचा नीट प्रयत्न सुरू झाला तो पार १९६३ मध्ये, ग्लेनफिडिकनं तिच्या तिकोनी बाटलीतून. म्हणजे ज्या गोष्टीवरून लोक भाव खातात, ती फॅशन म्हणून आपल्या आईबाबांच्या वयाची आहे. आजही जगात विकल्या जाणाऱ्या स्कॉचमध्ये सगळ्यात मोठा वाटा ब्लेंडेडचाच आहे. त्यामुळे सुरुवात ब्लेंडेडनं करायला अजिबात लाजू नका.

आता माझ्या बाबांची गोष्ट.

२००८ च्या दिवाळीत मामा दुबईहून आला. माझ्यासाठी चॉकलेटं, आईला परफ्यूम आणि बाबांसाठी एक लिटरची ब्लॅक लेबल. ती बाटली बघून आईचा चेहरा उतरला. का, ते पुढे सांगते. बाबांनी "अरे वा, वा!" म्हणत ती घेतली आणि गोदरेजच्या कपाटात आईच्या पैठणीमागे उभी करून ठेवली. नंतर कधी कुणी मित्र चिडवायला लागला की बाबा म्हणायचे, "राहू दे रे. मुरतेय. जितकी जुनी तितकी भारी." माझे बाबा बँकेत. त्यांचं गणित मुदत ठेवीचं. लेबलवर १२ वर्षं, अधिक कपाटातली १०, म्हणजे २२ वर्षं जुना माल झाला की!

बाबा, सॉरी. बाटलीत व्याज मिळत नाही.

व्हिस्की मुरते ती फक्त लाकडात. लाकूड श्वास घेतं, आतला कडवटपणा सोसतं, आपला व्हॅनिला, मध, मसाला तिला देतं. काचेत गेली की घड्याळ बंद. १२ वर्षांची व्हिस्की कपाटात ५० वर्षं ठेवली तरी १२ वर्षांचीच. उलट टोपणातून थोडी थोडी उडत राहते. आणि लेबलवरचं वय असतं ते आतल्या सगळ्यात तरुण थेंबाचं. १२ लिहिलंय म्हणजे त्यात १२ च्या खालचं काही नाही, वरचं असू शकतं. वय लिहिलेलंच नसेल तर व्हिस्की वाईट असं नाही, कंपनीला सांगायचं नाहीये एवढंच. एका बाबतीत मात्र बाबा नकळत बरोबर होते. बाटली उभी आणि अंधारात ठेवायची. वाइनसारखी आडवी ठेवली तर हे जहाल पाणी बुचालाच खातं.

लाकडाचाही एक किस्सा आहे. अमेरिकेत बोर्बन बनवायला दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, असा कायदा आहे. मग वापरलेली पिंपं जातात कुठे? बरीचशी स्कॉटलंडला! स्कॉचचा बराच व्हॅनिला हा असा सेकंडहँड असतो. दुसरा प्रकार शेरीच्या पिंपांचा. स्पेनची ही वाइन ज्यात राहिली त्यात व्हिस्की ठेवली की मनुका, खजूर, सुकामेवा. मुरताना दरवर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जातं. त्याला ते 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आपल्याकडे देवदूत जास्त तहानलेले! बंगळुरूच्या उकाड्यात दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास उडतं, पण व्हिस्की मुरतेही भराभर. म्हणूनच बंगळुरूच्या अमृतनं २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन आपला सिंगल माल्ट विकायला काढायची हिंमत केली, आणि गोव्यात बनणारा पॉल जॉन २०१२ मध्ये आधी ब्रिटनमध्ये गेला. ही स्कॉच नव्हे, कायद्यानं होऊच शकत नाही. पण माल्ट म्हणजे काय हे शिकायला गोव्याला जाताना हा ऑप्शन ध्यानात ठेवा. बीचवर बिअर पिणारे आहेतच.

बरं, प्यायची कशी? माझी पद्धत सांगते. जाडजूड बुडाचा चौकोनी ग्लास फोटोला छान, पण वास घ्यायला खाली गोल, वर निमुळता ग्लास हवा. स्कॉटलंडमधला ग्लेनकेअर्न नावाचा ग्लास यासाठीच बनलाय. नसेल तर वाइनचा छोटा ग्लास घ्या. त्यात तीस एमएल, त्याहून जास्त नाही. जेवणाआधी, तोंडात मसाला शेंगदाणा आणि कच्चा कांदा नसताना. नाक ग्लासात खुपसायचं नाही, अल्कोहोल थेट मेंदूत जातो. ग्लास हनुवटीपाशी धरायचा, ओठ जरासे उघडे ठेवायचे आणि हळूच श्वास घ्यायचा. थांबायचं. पुन्हा घ्यायचा. पहिला घोट चमचाभर. तो फक्त जिभेला सांगायला की बाई, पाहुणे येताहेत. खरी चव दुसऱ्या घोटापासून.

आणि पाणी? खुश्शाल घाला! 'नीटच प्यायची' हा माचोपणा सोडून द्या. मोठमोठे ब्लेंडर नाकानं व्हिस्की तपासताना तिच्यात पाणी घालून ती साधारण २० टक्क्यांपर्यंत आणतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं की पाणी घातल्यावर धुरकट वासाचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. चमच्यानं थेंब थेंब घाला आणि दर थेंबाला वास बदलतो का बघा. जाम मजा येते. बर्फाचं उलटं आहे. थंडीनं वास मिटतो, जीभ बधिर होते. मे महिन्यात मुंबईत बर्फ टाकलात तर मी काही पोलिस बोलावणार नाही, पण शिकत असताना नको. आणि कोला घालायचा असेल तर स्वस्तातली व्हिस्की घ्या ना! बारा वर्षं लाकडानं घेतलेली मेहनत कोलाखाली कशाला गाडायची?

सगळ्यात मोठी अडचण आली ती शब्दांची. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं, 'हेदरचा मध, ख्रिसमस केक, ओल्या ट्वीडचा कोट'. अरे, मी ठाण्याची! हेदर मी फक्त नावात ऐकलंय. कितीतरी दिवस मला वाटायचं, माझंच नाक मंद आहे. मग एकदा एका शेरीवाल्या माल्टचा वास घेताना डोक्यात एकदम डिंकाचा लाडू आला. खारीक, गूळ, जायफळ, सगळं तिथे! त्या दिवसापासून मी इंग्रजी यादी मिटवली आणि छोट्या वहीत स्वतःची सुरू केली. 'पिकलेलं वेलची केळं.' 'गुळाच्या ढेपेचा आतला भाग.' 'आजीच्या ट्रंकेतली शाल.' आणि आयला बेटाच्या व्हिस्कीपुढे लिहिलंय, 'दवाखान्यात होळी पेटलीय, शेजारी सुकट वाळतेय.'

या आयलाबद्दल सांगायलाच हवं. स्पेलिंगमध्ये 'एस' आहे, उच्चारात नाही. आपण चकित झाल्यावर म्हणतो तेच, आयला! स्कॉटलंडच्या पश्चिमेचं हे छोटं बेट. तिथे सरपण म्हणून पीट वापरायचे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेला वनस्पतींचा काळा थर, विटांसारखा कापून वाळवलेला. त्याच्या धुरावर ओली बार्ली वाळवली की तो धूर दाण्यात जो बसतो, तो पिंपातून, बाटलीतून थेट तुमच्या नाकात. लाफ्रॉइग, आर्डबेग, लगाव्हुलिन ही इथली बडी मंडळी. माझ्या त्या पहिल्या घोटातलं टिंक्चर म्हणजे हेच प्रकरण होतं, हे मला वर्षभरानं कळलं. बारवाल्यानं पोहता न येणाऱ्या पोरीला थेट समुद्रात ढकललं होतं! तेव्हा सुरुवात स्पेसाइडकडच्या मवाळ, फळांच्या वासाच्या माल्टनं करा. ग्लेनलिव्हेट, ग्लेनफिडिक वगैरे. किंवा हायलंडची ग्लेनमॉरंजी, ज्यात 'मॉ'वर जोर द्यायचा आणि 'ऑरेंज' आठवायचं. धूर थोडा चाखायचा तर ब्लॅक लेबलमध्ये तो चिमूटभर असतोच. समुद्रात नंतर उतरू.

खिशाचं काय? सगळ्यात शहाणपणाचा उपाय म्हणजे वर्गणी. ७५० एमएलच्या बाटलीत तीस-तीसचे २५ पेग बसतात. पाच मित्र, पाच शनिवार, दर वेळी एकेक. नाहीतर ५० एमएलच्या मिनिएचर मिळतात त्या बघा. वाइन शॉपमध्ये लेबल उलटं करून वाचा. काही स्कॉच तिकडून मोठ्या साठ्यात आणून इथे बाटलीबंद होतात, त्या स्वस्त पडतात आणि स्कॉचच असतात, त्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये आयात स्कॉचवरची एक्साइज ३०० टक्क्यांवरून १५० वर आणली, तेव्हा किमती बऱ्याच खाली आल्या. २०२५ च्या जुलैत भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात १५० टक्के कस्टम्स ड्युटी आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० वर न्यायचं ठरलंय. आणि हो, कुणाच्या तरी ओळखीचा कुणीतरी एअरपोर्टवरून 'ओरिजिनल' आणून देतो ना, त्याच्यापासून सावध. जुन्या बाटलीत नवा माल भरणारे कमी नाहीत. तुमची रिकामी बाटली भंगारवाल्याला देतानाही लेबल खरवडून द्या.

आता त्या बाटलीमुळे आईचा चेहरा का उतरला, ते.

बाबांचे मोठे भाऊ, आण्णाकाका. वाईच्या घरातला सगळ्यात हुशार मुलगा, उत्तम गळा, पत्त्यांच्या जादू करणारा. मला ते आठवतात ते सणाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेले. २००६ मध्ये ते गेले. लिव्हर. घरात अजूनही त्याला 'आजारपण' म्हणतात. आमच्याकडे 'दारू' हा शब्दच नव्हता. ऑफिसात त्याला ड्रिंक्स म्हणतात, मित्रांत बसायचं म्हणतात, घरी काहीच म्हणत नाहीत. आण्णाकाका काय प्यायचे, कधी, किती, मला काही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की ते लपवून प्यायचे आणि भराभर प्यायचे.

म्हणून माझ्या वहीत पहिल्या पानावर वासांची यादी नाही, नियम आहेत. एकटीनं नाही. रागात किंवा रडू येत असताना नाही. दोन छोट्यांच्या वर नाही. चावी हातात असेल तर एकही नाही. आणि घरच्यांपासून लपवून नाही. 'थोडी घेतलेली तब्येतीला चांगली' वगैरे काकालोकांची थिअरी डोक्यातून काढून टाका. डब्ल्यूएचओनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण धोक्याविना नाही. तुमच्याही घरात एखादे आण्णाकाका असतील आणि तुम्हाला हा सगळा प्रकारच नको वाटत असेल, तर तुम्ही सुरुवात न केलेलीच बरी. शुक्रवारी ते गुलाबी मॉकटेल ताठ मानेनं मागवा, छत्रीसकट.

शेवटचा नियम मी बरेच दिवस पाळलाच नव्हता. वही घरी होती, पण आईबाबांना माहीत नव्हती. २०२४ च्या मेअखेरीस बाबा बँकेतून रिटायर झाले. घरी माणसं येऊन गेली, हार सुकले, पेढ्यांचे बॉक्स उरले. रात्री दहाला मी ती वही बाबांच्या हातात दिली. त्यांनी पासबुक तपासावं तशी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग उठले, कपाट उघडलं, पैठण्या बाजूला केल्या.

साडेपंधरा वर्षं. पातळी दोन बोटं खाली गेलेली. सील कटकन तुटलं. मी दोन ग्लासांत तीस-तीस ओतली. आई आतून आली, काही न बोलता काजूची वाटी ठेवली आणि जाताना म्हणाली, "पाणी घालून घ्या म्हणजे झालं."

"बाबा, इतकी वर्षं का नाही उघडली हो?" मी विचारलं. "मुरत होती म्हणून?"

"छे. भीती वाटायची."

"कशाची?"

"आवडली तर, अशी."

मी ग्लास कसा धरायचा ते दाखवलं. ओठ जरा उघडे, श्वास हळू. मला मनुका येत होत्या, थोडा मध. बाबांनी एकदा वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. दहा-बारा थेंब पाणी घातलं, पुन्हा घेतला. प्यायलेच नाहीत बराच वेळ.

"बंब," ते म्हणाले.

"काय?"

"वाईचा बंब. परसातला. पहाटे लाकडं ओली असली की अस्साच वास भरायचा घरभर." मग थोडं थांबून, "पेटवायचं काम आण्णाचं असायचं. मी नुसती राख काढायचो."

ते तीस एमएल संपायला पाऊण तास लागला. बाबा आण्णाकाकांबद्दल बोलत होते, दारात पोरं जमवून गाणाऱ्या, शाळेत पहिला येणाऱ्या आण्णाबद्दल, जो मला कधी भेटलाच नव्हता. आई दारात उभी राहून ऐकत होती. दुसरा पेग कुणी मागितला नाही.

मग बाबांनी टोपण घट्ट लावलं, चष्मा घातला आणि बॉलपेननं लेबलच्या कडेला तारीख टाकली. ३१-५-२४. आणि खाली, सवयीनं, छोटी सही.